जात्यावरची ओवी ऐकत वाढले, ढोलकीच्या फडाचे शाहीर झाले : रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव

पेठ वडगाव (ता. हातकणंगले) : आपल्याकडं जत्रा-यात्रा म्हटलं की तमाशा आलाच. आता डॉल्बी आला, मोबाइलवर लावणीचे व्हिडिओ आले, तरी ढोलकीवर थाप पडली की म्हाताऱ्या माणसाचा सुद्धा पाय हलतो. पण ही ढोलकीवरची लावणी आजच्या रूपात ज्यांनी घडवली, त्यांचं गाव आपल्यापासून किती जवळ आहे, हे वडगाव परिसरातल्या बऱ्याच तरुण पोरांना माहीत नसतं. वडगावातून हायवेला लागायचं, किणीचा टोल नाका ओलांडायचा, वारणेचा पूल पार केला की वाळवा तालुका. पेठ नाक्यावरनं ईश्वरपूर (पूर्वीचं इस्लामपूर), आणि तिथनं पुढं कृष्णाकाठाला रेठरे हरणाक्ष. दुचाकीवर गेलं तर तासा-सव्वातासाची वाट.

याच गावात 11 नोव्हेंबर 1866 रोजी श्रीधर बाळकृष्ण कुलकर्णी यांचा जन्म झाला. पुढं अख्ख्या महाराष्ट्रानं त्यांना पठ्ठे बापूराव या नावानं ओळखलं. गावाचं दप्तर सांभाळणाऱ्या कुलकर्ण्याच्या घरातला हा पोरगा तमाशात कसा गेला, का गेला आणि त्याची किंमत कुणी कुणी मोजली, याची ही हकीकत.

पहिली शाळा जात्यापाशी

तेव्हा गावात गिरणी नव्हती. रोजच्या भाकरीचं पीठ घरच्या बाईनं पहाटे उठून दळायचं. दोघी समोरासमोर बसायच्या, मधल्या खुंट्याला दोघींचे हात, एका हातानं मूठभर दाणे जात्याच्या तोंडात टाकायचे आणि पाळ फिरवायची. दगड जड, झोप अपुरी. मग तोंडातनं आपोआप ओवी यायची. जात्याच्या फेऱ्याला जेवढा वेळ लागतो तेवढीच ओवीची लांबी. एकीनं सुरुवात करायची, दुसरीनं पुरी करायची. त्यात माहेर असायचं, भाऊ असायचा, पंढरीचा विठोबा असायचा, सासरचा जाच असायचा. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांनी केलेलं हे गाणं. त्याला कागद नाही, कवीचं नाव नाही.

घरातली लेकरं त्याच खोलीत झोपलेली असायची. काही तर आईच्या मांडीवरच. डोळे उघडायच्या आधी कानात ओवी पडायची. लहानग्या श्रीधरला जात्यावरच्या ओव्यांचा असाच नाद लागला आणि ऐकता ऐकता तो स्वतःच ओव्या जुळवू लागला, असं त्यांच्या चरित्रात सांगितलं जातं. कुलकर्ण्याचं पोर असल्यानं घरात पोथ्या-पुराणं होतीच, कीर्तनं-भजनं कानावर पडतच होती. पण मनाला चिकटलं ते घरातल्या आणि शेजारच्या बायकांचं गाणं. पुढच्या त्यांच्या लावणीत जी साधी, तोंडात घोळणारी, खेड्यातल्या माणसाला एका ऐकण्यात कळणारी बोली दिसते, तिचं मूळ इथं आहे.

मराठी चौथीपर्यंतची शाळा गावातच झाली. पोरगा हुशार म्हणून औंधच्या संस्थानिकांनी त्याला इंग्रजी शिकायला औंधला नेलं. त्या काळात खेड्यातल्या पोराला इंग्रजी शाळा मिळणं ही मोठी गोष्ट. चार बुकं शिकला असता तर कचेरीत कारकून, नशीब असतं तर मामलेदारसुद्धा झाला असता. पण आईवडिलांचं छत्र हरपलं, शिक्षण अर्धवट राहिलं आणि श्रीधर गावाकडं परतला.

रात्री ढोलकीचा आवाज

गावात परतलेल्या या तरुणाला दुसऱ्या गाण्यानं ओढलं. ते गाणं गावकुसाबाहेरचं होतं. तमाशा तेव्हा मुख्यतः महार, मातंग आणि कोल्हाटी समाजातल्या कलावंतांच्या हातात होता. त्यांची सावलीसुद्धा टाळणारा गाव रात्री त्यांचाच तमाशा बघायला चावडीपुढं गोळा व्हायचा. टाळ्या वाजवायचा, दौलतजादा करायचा आणि सकाळी पुन्हा शिवाशिव पाळायचा. ही त्या काळातली रीत.

तमाशाचा साज मोजका. ढोलकी, हलगी, तुणतुणं, कडं आणि झांज. मशालीच्या उजेडात खेळ. सुरुवातीला गण, म्हणजे गणपतीला नमन. मग गौळण, त्यात कृष्ण, पेंद्या, मावशी आणि मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी. मग बतावणी, रंगबाजीच्या लावण्या, सवाल-जवाब आणि शेवटी वग, म्हणजे गोष्ट. सरदार गाणं उचलणार, मागं उभे असलेले झीलकरी ते ओढून धरणार, सोंगाड्या मध्येच येऊन हसवणार. बाईचं काम बहुतेक फडांत नाच्या पोऱ्या करायचा.

आपला हा सगळा पट्टाच तमाशाचा. तासगाव तालुक्यातल्या सावळजच्या उमा-बाबू यांचा मोहना-बटाव हा पहिला वग मानला जातो. तो 1865 सालचा सांगतात, म्हणजे बापूरावांच्या जन्माच्या एक वर्ष आधीचा. बापूराव कळते झाले तोवर वग गावोगावच्या चावड्यांपुढं रंगू लागले होते.

श्रीधर कुलकर्णी आधी ऐकायला जाऊ लागला. मग गावच्या फडाला लावण्या लिहून देऊ लागला. लिहिलेली लावणी फडात कशी म्हटली जाते, ढोलकीवाला ती कुठं तोडतो, झीलकऱ्यांना कुठं श्वास मिळतो, हे बघायला तो पुन्हा जायचा. जात्याच्या फेऱ्याला ओवी बसवणाऱ्या बायका आणि ढोलकीच्या ठेक्याला लावणी बसवणारे फडकरी, या दोघांकडनं तो एकच गोष्ट शिकला. गाणं आधी कानाला आणि अंगाला पटलं पाहिजे, अर्थ मागनं येतो.

उंबरा ओलांडला

लांबनं लावण्या लिहून देणं गावानं कसंबसं सोसलं असतं. पण बापूराव त्या कलावंतांत उठू-बसू लागले, त्यांच्याबरोबर जेवू लागले आणि शेवटी स्वतःच फडात उभे राहिले. कुलकर्ण्याचा पोर महार-मांगांच्या तमाशात तुणतुण्यामागं उभा राहून गातोय, ही बातमी तेव्हाच्या समाजाला हादरवणारी होती. भावकी तुटली, जातीनं दूर केलं. घर सुटलं, वतनाचा मान सुटला.

ब्राह्मणाच्या घरातनं शाहीर होणं हे काही पहिल्यांदा घडलं नव्हतं. त्यांच्या आधी सोलापूरचे राम जोशी असेच तमाशाच्या नादानं घराबाहेर पडले होते. पण राम जोशी पुढं कीर्तनाकडं वळले. बापूराव मागं वळले नाहीत. आयुष्याची जवळजवळ साठ वर्षं त्यांनी या गाण्यापायी घालवली.

त्यांनी काय काय लिहिलं, याची यादी लांब आहे. गण, गौळणी, भेदिक लावण्या, झगड्याच्या लावण्या, रंगबाजीच्या लावण्या आणि वग. भेदिक म्हणजे कोड्याची लावणी. एका फडानं पुराणातला किंवा अध्यात्मातला सवाल टाकायचा, दुसऱ्यानं गाण्यातच उत्तर द्यायचं. कलगीवाले शक्तीला मोठं म्हणणार, तुरेवाले शिवाला, आणि हा झगडा पहाटेपर्यंत चालणार. इथं पाठांतर लागतं आणि जागेवर कवन जुळवायची ताकद लागते. बापूरावांकडं दोन्ही होतं. घरातल्या पोथ्या इथं कामाला आल्या.

आपण दोन लाख लावण्या केल्या, असं त्यांनी स्वतः आपल्या कवनात सांगून ठेवलं आहे. हिशेब केला तर पन्नास वर्षं रोज अकरा लावण्या होतात, त्यामुळं हा आकडा शाहिरी थाटाचाच समजायचा. पण त्यातनं एक गोष्ट कळते. लावणी ही त्यांच्यासाठी टाक घेऊन सवडीनं लिहायची वस्तू नव्हती. आज या गावच्या मंडळींपुढं उभं राहायचं आहे, उद्या दुसऱ्या, तर आजची लावणी आज बांधायची. त्यातल्या कितीतरी त्याच रात्री विरून गेल्या. ज्या लोकांच्या तोंडात बसल्या त्या टिकल्या. त्यांचे गण आजही फडात म्हटले जातात. गाणाऱ्याला कधी कधी ते कुणाचे हे ठाऊक नसतं.

पवळा आली आणि फड गाजला

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याच्या संगमनेर तालुक्यात हिवरगाव पावसा नावाचं गाव आहे. तिथली पवळा ही महार समाजातली तरुणी रूपानं देखणी, गळ्यानं गोड आणि नाचात तयार. तमाशाच्या बोर्डावर उभ्या राहिलेल्या पहिल्या बायकांत तिचं नाव घेतलं जातं. ती बापूरावांच्या फडात आली आणि दोघांची जोडी महाराष्ट्रभर गाजली. बापूरावांनी लिहायचं, पवळानं गाऊन-नाचून ते जिवंत करायचं. गौळणीतली राधा, वगातली राणी, झगड्यातली सवाल टाकणारी बाई, हे सगळं लिहिताना त्यांच्या नजरेपुढं पवळाच असायची.

इथं एक गोष्ट नीट सांगितली पाहिजे. बापूरावांनी जात सोडली, म्हणून त्यांचं कौतुक झालं आणि होतं. पवळाला सोडायला तसं काहीच नव्हतं. तिच्या वाट्याला टाळ्या आल्या, पैसाही आला, पण बघणाऱ्यांच्या नजराही आल्या. लावणीचा कर्ता म्हणून नाव शाहिराचं लागतं. ती लोकांच्या काळजात ज्या गळ्यानं उतरवली, त्या गळ्याचं नाव मागं पडतं. पुढं दोघांचं बिनसलं आणि जोडी फुटली. त्यानंतर फडाला पहिली रया राहिली नाही, असं जुनी माणसं सांगत आली.

वारणा ओलांडून कोल्हापुरात

तेव्हा वारणा ही नुसती नदी नव्हती, सरहद्द होती. पलीकडं वाळवा तालुका इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात आणि अलीकडं आपलं वडगाव कोल्हापूर संस्थानात. कोल्हापूरच्या गादीवर राजर्षी शाहू महाराज होते. कुस्ती असो, गाणं असो, शाहिरी असो, गुण दिसला की जात न बघता त्याला उचलून धरायचं, ही महाराजांची रीत सगळ्यांना माहीत आहे. 1908-09 च्या सुमारास बापूरावांनी शाहू महाराजांपुढं आपला मिठाराणीचा वग सादर केला. जातीनं ज्या कामासाठी घराबाहेर काढलं, त्याच कामाला छत्रपतींपुढं मान मिळाला.

मुंबईतही त्यांचा फड गाजला. त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत तेव्हा कोकणातनं, साताऱ्याकडनं, कोल्हापूरकडनं गेलेली माणसं राबत होती. बायका-पोरं गावाकडं आणि गडी चाळीतल्या एका खोलीत दहा-बारा जणांत. दिवसभर सांच्याचा खडखडाट कानात. पगार झाला की गडी ग्रँट रोडच्या पिला हाऊस भागातल्या थिएटरांकडं वळायचा. तिथं ढोलकी ऐकली की घटकाभर त्याला आपलं गाव भेटायचं. खुद्द मुंबई शहरावर बापूरावांनी केलेली लावणी तर फार लोकप्रिय झाली. खेड्यातनं आलेला माणूस हे शहर कसं डोळे फाडून बघतो, ते त्यात आहे. आज त्याच ग्रँट रोड भागातल्या जुन्या फॉकलंड रोडला पठ्ठे बापूराव मार्ग असं नाव आहे.

बाबासाहेबांनी नाकारलेला पैसा

बापूरावांच्या आयुष्यातला एक प्रसंग आंबेडकरी चळवळीच्या इतिहासात नेहमी सांगितला जातो. तो सोयीचा नाही, म्हणून कौतुकाच्या लेखांत बऱ्याचदा गाळला जातो.

साल 1927. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहासाठी निधी गोळा होत होता. बापूराव आपल्या फडातल्या बायकांना बरोबर घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना भेटायला गेले आणि आठ खेळांचं उत्पन्न सत्याग्रहाला द्यायची तयारी दाखवली. चळवळीला पैशाची नड होती. तरीही बाबासाहेबांनी ते पैसे घेतले नाहीत. आपल्याच समाजातल्या बायकांना लोकांपुढं नाचवून मिळालेला पैसा त्यांना नको होता.

या प्रसंगात बापूरावांची नियत खोटी होती असं म्हणायचं कारण नाही. ज्या माणसांत ते उभं आयुष्य राहिले, त्यांच्या पाण्याच्या हक्कासाठी मदत करावी असं त्यांना वाटलं असणार. पण गाण्यावर माया करणं वेगळं आणि ते गाणाऱ्याचं जगणं बदलणं वेगळं. बापूरावांनी पहिलं जन्मभर केलं. दुसऱ्यासाठी बाबासाहेब लढत होते.

त्याच ढोलकी-तुणतुण्याचा दुसरा उपयोगही होऊ शकतो, हे आपल्याच भागानं दाखवून दिलं. सातारा-कोल्हापूरकडच्या सत्यशोधक जलशांनी तमाशाचाच बाज घेतला आणि त्यातनं शिक्षणाचा, सावकारशाहीविरुद्धचा विचार गावोगाव नेला. नंतर आंबेडकरी जलसे उभे राहिले. आणि रेठऱ्याच्याच वाळवा तालुक्यातले, वाटेगावचे अण्णा भाऊ साठे. 1920 साली जन्मलेले अण्णा भाऊ तरुणपणी तमाशाच्या फडात वावरले आणि पुढं त्यांनी तमाशाचं लोकनाट्य करून त्यात गिरणी कामगार आणि शेतमजूर बोलता केला. बापूरावांनी ज्या मातीत लावणी पेरली, त्याच मातीतलं हे पुढचं पीक.

अखेरचे दिवस

ज्यांच्या फडापुढं हजारो माणसं बसायची, त्या बापूरावांची अखेर हलाखीत गेली. बोलपट आले, करमणुकीची तऱ्हा बदलली, वय झालं, आवाज थकला. कमावलेला पैसा हाताशी राहिला नव्हता. 22 डिसेंबर 1945 रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. वय 79. स्वातंत्र्य अवघं पावणेदोन वर्षांवर होतं. त्यांनी सोडलेल्या कुलकर्णी वतनासारखी गावकीची वतनंही पुढं कायद्यानं गेली. लावण्या मात्र राहिल्या.

त्यांच्यानंतर या भागातनं गाणं लिहिणारी माणसं येतच राहिली. वाळवा तालुक्यातल्याच येडे निपाणीचे पी. सावळाराम, करवीर तालुक्यातल्या खेबवड्याचे जगदीश खेबूडकर. 1972 च्या पिंजरा सिनेमातल्या खेबूडकरांच्या लावण्यांना राम कदमांनी संगीत दिलं आणि त्या घराघरांत पोचल्या. आज मोबाइलवर आपण ज्या लावण्या ऐकतो, त्यातल्या कित्येकींची नाळ अशी मागं मागं जात फडाला आणि फडातनं जात्याला जाऊन मिळते.

आपल्या पोरांच्या कानावर काय पडतंय?

बापूरावांचं आयुष्य वाचलं की एक प्रश्न मनात येतो. त्या पोराच्या कानावर ओवी पडली, कारण ती घरात होती. त्यासाठी कुणी क्लास लावला नव्हता. आज घरात जातं असलंच तर ते लग्नात हळद दळायपुरतं बाहेर निघतं. ओव्या येणाऱ्या बायका सत्तरीच्या-ऐंशीच्या पुढं गेल्या. वडगावच्या आसपास कुठल्याही गावात जा, एखाद्या घरात तरी एक आजी सापडेल जिला पन्नास-शंभर ओव्या तोंडपाठ आहेत. ती गेली की त्या ओव्या गेल्या.

हेच ओळखून हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी बऱ्याच वर्षांपूर्वी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतनं जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. तो आकडा एक लाखाच्या पुढं गेला आहे. त्यातल्या कितीतरी ओव्या, म्हणणाऱ्या बाईच्या नावासकट आणि आवाजासकट, आता पारी या संकेतस्थळावर मोबाइलवर फुकट ऐकता येतात. नावासकट, हे त्यातलं महत्त्वाचं. पवळाच्या वेळी जे राहून गेलं, ते इथं झालं आहे.

हे काम मोठ्या संस्थेनंच करावं असं काही नाही. तुमच्या हातातल्या फोनमध्ये रेकॉर्डर आहे. आजी निवांत बसली असेल तेव्हा फोन जवळ ठेवा. एकदम गा म्हटलं तर ती लाजेल, म्हणून आधी तिच्या माहेरचं विचारा, दळण कुणाबरोबर दळायची ते विचारा. बोलता बोलता ओवी येईल. टीव्ही आणि पंखा बंद ठेवा, मध्ये बोलू नका. सुरुवातीला तिचं नाव, माहेरचं गाव आणि तारीख तिच्याच तोंडून बोलून घ्या. दुसरीकडं एक प्रत ठेवा, कारण फोन बिघडतो. आणि ग्रुपवर टाकायचं असेल तर आधी तिला विचारा. गाणं तिचं आहे.

मग ते रेकॉर्डिंग कधीतरी घरातल्या लहान पोरासमोर लावा. तो शाहीर व्हावा म्हणून नाही. सगळेच काही बापूराव होत नाहीत. पण आपल्या घरातल्या बाईनं दगड फिरवता फिरवता काय गायलं, हे त्याच्या कानावरनं एकदा तरी जायला हवं.